वज्रनाथाचा मान

गोजरबाईंनी उभ्या आयुष्यात एकच सिनेमा पाहिला, आणि तोही आवड म्हणून नव्हे, हक्क म्हणून. देवळाली प्रवऱ्यापासून दोन कोसांवर बोरमळा हे त्यांचे गाव. ऊस तुटून गेल्यावर बाजारतळालगतचे त्यांचे वावर उन्हाळाभर रिकामे असे. एकाहत्तर सालच्या वैशाखात एका तंबूवाल्याने तेथे आपला फिरता सिनेमा उभा केला आणि मालकीणबाईंना पहिल्या रांगेत रोजची मानाची जागा देऊ केली. मानाची जागा रिकामी ठेवणे गोजरबाईंच्या शिस्तीत बसत नव्हते. त्या घरची खुर्ची गड्याच्या डोक्यावर देऊन गेल्या, पदर सावरून बसल्या, आणि ‘वज्रनाथ’ नावाचा तो एकच खेळ सलग नऊ दिवस पाहून आल्या.

वज्रनाथ हा अंगात वीज खेळणारा वीर होता. तोंडावर लोखंडी मुखवटा, पाठीवर फडफडणारी काळी शाल, आणि बळ एवढे की फुटणारे धरण तो पाठ लावून थोपवी आणि सुटलेली आगगाडी एका हाताने मागे ओढी. खेळ हिंदीत होता. गोजरबाईंना हिंदी कळत नसे; परंतु प्रत्येक उड्डाणापूर्वी तो वीर आईच्या पायांवर डोके ठेवतो, एवढे कळण्यास हिंदी लागत नाही. शिवाय नावातच नाथ होता. हा नवनाथांपैकीच कोणीतरी, पोथीत लिहायचा राहून गेलेला, असे धरून निम्म्या गावाने त्याला हात जोडले होते. गोजरबाईंनी तसे उघड कधी म्हटले नाही. मात्र आईच्या पाया पडण्याचा प्रसंग आला की त्या पायांतल्या वहाणा हळूच खुर्चीखाली सारीत.

मुखवट्यातील वीराविषयी त्यांना आपलेपणा वाटण्यास आणखी एक कारण होते, आणि ते सांगितल्यावाचून पुढची सारी कटकट समजणार नाही. बोरमळ्यात दर आषाढात आखाडी होते. तीन दिवस देवादिकांची सोंगे निघतात, आणि कोणते सोंग कोणत्या घराने घ्यावयाचे हे आजेपणज्यांपासून ठरलेले आहे. गणपती एका घरचा, सरस्वती दुसऱ्या घरची. शेवटच्या दिवशी तिन्हीसांजेला निघणारा नरसिंह हा गोजरबाईंच्या घरचा. शेंदराने माखलेला तो लाकडी मुखवटा त्यांच्या माजघरातल्या पेटीत असे. घरचा पुरुष आजारी पडला तर मुखवटा पाटावर ठेवून मिरवीत, पण परक्याच्या तोंडाला चढवीत नसत. यजमान गेल्यापासून बावीस वर्षे हा मान त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब सांभाळीत होते. एरवी ते साखर कारखान्यात ऊसनोंदणीचे कारकून होते आणि त्यांचा आवाज शेजारच्या टेबलापलीकडे गेल्याचे कोणास आठवत नव्हते.

नरसिंह आला म्हणजे हिरण्यकशिपू आला. तो मान समोरच्या झुंबरबाईंच्या घरचा. म्हणजे गेल्या तीन पिढ्या झुंबरबाईंच्या घरचा कर्ता पुरुष दरवर्षी भरचौकात गोजरबाईंच्या घरच्या कर्त्या पुरुषाच्या मांडीवर आडवा पडून पोट फाडून घेत आला होता. अशा दोन घरांत गोडी राहावी तरी किती? त्यातून झुंबरबाईंचा मुलगा श्रीमंत हा तालमीतला गडी, वजनाने अडीच मण. त्याला मांडीवर घेतल्यानंतर आप्पासाहेबांचे गुडघे श्रावण सरेपर्यंत कुरकुरत. परंतु मान हा गुडघ्यांना विचारून मिळत नसतो.

तर अशा या घराच्या ओट्यावर एका रविवारी सकाळी बातमी आली. ती आणली गोरक्षने. गोरक्षचे पेठेत केस कापण्याचे दुकान होते, आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली सिनेमाची साप्ताहिके सर्वांआधी तोच वाचून काढी. तो आप्पासाहेबांच्या गालाला साबण लावीत होता.

“अक्का, वज्रनाथाचा दुसरा भाग निघतूय. दिवाळीला येनार.”

“येऊ दे की.”

“पन मानूस बदलला म्हनं. भूपालकुमार न्हाई त्यात. दुसराच कोन तरी घेनार हायेत.”

गोजरबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. “बदलला म्हंजे? कोनी बदलला?”

“कंपनीनं.”

“कंपनी कोन बदलनारी? पयल्या खेळात त्यो वज्रनाथ झाला, मान त्याचा झाला. त्याला बरं नसंल तर भाऊ उभा राहील. भाऊ नसंल तर पोरगा. आन त्यो बी नसला, तर मुखवटा पाटावर ठिवून खेळ करावा.”

“अक्का, सिनेमात तसं नसतं.”

“मंग सिनेमा चुकतोय,” गोजरबाई म्हणाल्या.

हा निकाल येथेच संपला असता. परंतु समोरच्या ओट्यावर झुंबरबाई शेवया वळत बसल्या होत्या, आणि त्यांच्या कानांना रस्त्याची रुंदी कधीच आड आली नव्हती.

“बदलत्यात की अक्का!” त्या तेथूनच म्हणाल्या. “बळ ज्याच्या अंगात त्याला सोंग द्यावं, आसं शहानी मानसं करत्यात. न्हाई तर मांडीवर घेनाऱ्यापरीस मांडीवरचाच दुप्पट, आसला नरसिंह बघावा लागतो.”

आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले. गोजरबाई उठल्या. तांदळाचे सूप खाली ठेवून, रस्त्याच्या मधोमध येऊन, पाणी भरायला निघालेल्या चार बायांच्या देखत त्यांनी शब्द उच्चारला.

“झुंबरे, ऐकून ठेव. वज्रनाथाच्या मुखवट्यात भूपालकुमाराबिगर दुसरा मानूस निघाला, तर औंदाचा नरसिंह तुझ्या श्रीमंतचा. माझा आप्पा तुझ्या पोराच्या मांडीवर पडंल.”

“आन न्हाई निघाला तर?”

“तर सोंग घ्यायच्या आदी तुझ्या घरानं आमच्या उंबऱ्याशी नारळ ठिवायचा. दरसाल.”

“आई, जरा—” साबणातून आप्पासाहेब म्हणाले.

“तू दाढी कर.”

अशा रीतीने तीन पिढ्यांचा मान मुंबईतल्या कुणा कंपनीच्या मर्जीवर टांगला गेला. सिनेमा दिवाळीत, आखाडी दोन महिन्यांवर. तेव्हा पक्की बातमी त्याआधी मिळवणे भाग होते, आणि पक्की बातमी हा पदार्थ किती दुर्मीळ आहे, हे गोजरबाईंना तोवर ठाऊक नव्हते.

प्रथम त्यांनी गोरक्षकडची सर्व साप्ताहिके मागवली. एकात लिहिले होते की नवा वज्रनाथ पंजाबचा कोणी पैलवान आहे. दुसऱ्यात होते की भूपालकुमार घोड्यावरून पडले असून पाय प्लास्टरमध्ये आहे. त्याच आठवड्याच्या तिसऱ्यात भूपालकुमार बर्फावर नाचत होते. चौथ्यात मात्र ‘अखेर रहस्य उलगडले’ अशा मथळ्याखाली पूर्ण हकीकत होती. पण तिचा खालचा अर्धा भाग वस्तरा पुसण्यात गेला होता. गोरक्षला त्या दिवशी जे ऐकावे लागले, ते त्याने पुढे कोणास सांगितले नाही.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. सल्ला देणाऱ्या माणसाचे स्वतःचे काही अडत नाही, म्हणून त्याची बुद्धी मोकळी चालते. शेजारच्या दगडाबाई म्हणाल्या, “भूपालकुमाराच्या नावानं अकरा मंगळवार धर.” मंगळवार आखाडीपर्यंत आठच भरत होते. कुणी म्हणाले, तंबूवाल्याला विचारा. तंबूवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितले की दुसऱ्या भागात दोन वज्रनाथ आहेत, एक खरा आणि एक खोटा, आणि दोन्ही भूपालकुमारच. हे त्याने गोजरबाईंना सांगितले. झुंबरबाईंना त्याने काय सांगितले ते झुंबरबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होते.

अखेर गोजरबाईंनी ठरवले की थेट कंपनीला पत्र घालावयाचे, आणि ते एकट्या बाईचे नव्हे, गावाचे. त्या आप्पासाहेबांना पुढे घालून ग्रामसेवकाकडे गेल्या.

“हा विषय आपल्या कक्षेत येतो की नाही, ते पाहावं लागेल,” ग्रामसेवक म्हणाले.

“खेळ गावात झाला का न्हाई?”

“झाला.”

“मंग कक्षेत आला.”

ग्रामसेवक हे सरळ गृहस्थ होते. त्यांचा एकच दोष होता की नमुन्यावाचून त्यांना लिहिता येत नसे. एका इसमाच्या जागी दुसऱ्या इसमाचे नाव लागण्यासंबंधी त्यांच्या कपाटात एकच नमुना होता. तो त्यांनी काढला. दुसऱ्या दिवशी चावडीवर नोटीस लागली, की वज्रनाथ या जागी श्री. भूपालकुमार यांचे नाव कायम ठेवण्याबाबत कोणा इसमाची हरकत असल्यास त्याने पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावे, मागाहून आलेल्या तक्रारीचा विचार होणार नाही.

हरकती अकरा आल्या. एकाचे म्हणणे असे की वज्रनाथाने आगगाडी डाव्या हाताने ओढली, हे अशुभ आहे, सबब मनुष्य बदलावा. दुसऱ्याने स्वतःच्या छातीचे माप कळवले. तिघा भावांनी, चावडीवर आलोच आहोत तर, म्हणून एकमेकांविरुद्ध बांधाच्या तक्रारी दिल्या. झुंबरबाईंच्या हरकतीवर तालमीतल्या सर्व पैलवानांचे अंगठे होते. ग्रामसेवकांनी हे सगळे नीट टाचले आणि शेरा मारला, ‘प्रकरण पुढील आदेशार्थ वरिष्ठांकडे सादर.’ वरिष्ठ म्हणजे कोण, हे कागदावर लिहिलेले नव्हते. गोजरबाईंनी विचारले तेव्हा ग्रामसेवकांनी केवळ छताकडे बोट केले.

सासऱ्यांच्या वेळेपासून ज्या घराच्या शब्दावर पंच उठत नि बसत, त्या घरच्या बाईने चावडीच्या पायऱ्या सात वेळा चढाव्या आणि सात वेळा ‘उद्या या’ ऐकावे! गोजरबाईंनी मग कोणास न विचारता आप्पासाहेबांकडून साधे पत्र लिहवून घेतले आणि कंपनीला धाडले. तीन आठवड्यांनी उत्तर आले. ते उत्तर म्हणजे वज्रनाथाची तसबीर असलेले एक जाड कार्ड होते. वीर हात उंचावून उभा, तोंडावर मुखवटा. खाली ‘आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहे’ असे छापलेले आणि सुतळीचा गुंता पडावा तशी सही.

“बघा. भूपालकुमार हाय,” गोजरबाईंनी कार्ड ओट्यावर ठेवून जाहीर केले.

“कशावरनं गं?” झुंबरबाईंनी ते उलटेसुलटे केले. “मला तर ह्यो दुसराच दिसतुया. खांदं बघ की.”

गोरक्षला बोलावण्यात आले. त्याने सांगितले की तो कोणताही माणूस कानांवरून ओळखू शकतो. परंतु कान मुखवट्यात होते. ते कार्ड चार दिवस गावभर फिरले आणि परत आले तेव्हा त्यावर हळदीचे बोट उमटलेले होते. बातमी मात्र जागची हलली नव्हती.

आखाडी आठ दिवसांवर आली. आता एकच मार्ग उरला होता, आणि तो गोजरबाईंनी एवढे दिवस मुद्दाम झाकून ठेवला होता. त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आसाराम मुंबईस होता. तो कापडगिरणीत आहे, असे गोजरबाई दहा वर्षे सर्वांना सांगत आल्या होत्या. वास्तविक तो सिनेमाच्या स्टुडिओत दिव्यांचे खांब इकडून तिकडे नेत असे. घराण्याच्या अब्रूला हा डाग नको, म्हणून गिरणी. परंतु आता थोरली अब्रू वाचवण्यासाठी धाकटी खर्ची घालणे प्राप्त होते. पत्राला वेळ लागला असता, म्हणून तार करण्यात आली. पोस्टमास्तर म्हणाले, तार थोडक्यात असावी. ‘मावशीस बातमी हवी, लगेच ये’ हे आप्पासाहेबांनी लिहिले. पोस्टमास्तरांनी अनुभवाने सांगितले की असल्या तारेवर कोणीही निघत नाही. तेव्हा ‘मावशी गंभीर, निघ’ अशी तार गेली.

आसाराम तिसऱ्या दिवशी दुपारी आला. एकटा आला नाही. तार मिळताच त्याने कर्जतला आपल्या आईला तार केली होती. त्यामुळे एस.टी.तून उतरल्याबरोबर गोजरबाईंच्या भगिनी वेशीपासूनच हंबरडा फोडीत आल्या, त्यांच्यामागे गाव आले, आणि ओट्यावर बघतात तो मयत लसूण सोलीत बसलेली!

“आगं बया, जित्ती हाय!” भगिनी म्हणाल्या, आणि रागाने पुन्हा रडू लागल्या.

“गप बस. चहा घे. आसाराम, तू हिकडं ये,” गोजरबाई म्हणाल्या. “समद्यांसमोर सांग. वज्रनाथाच्या मुखवट्यात दुसऱ्या भागात कोन?”

आसारामने डोळे पुसले. “दुसऱ्या भागाचं अजून कुणालाच माहीत नाही, मावशी. रोज नवं नाव निघतं.”

“बरं. पयल्या भागात तर भूपालकुमार हुता ना?”

“कधी कधी.”

सोललेली पाकळी गोजरबाईंच्या हातातच राहिली.

“कदी कदी म्हंजे?”

“शेवटी मुखवटा काढतो ना, तिथं तो. उड्या मारणारा वेगळा. घोड्यावरचा वेगळा. धरणाला पाठ लावतो तो तर एक मद्रासचा पैलवान होता. मुखवटा असल्यावर कोण ओळखतंय?”

गोजरबाईंचा स्वर कधी नव्हे तो खाली आला. “आन आईच्या पाया पडतो, त्यो?”

आसारामने मान खाली घातली. “तो मीच, मावशी. भूपालकुमार जेवायला गेले होते. पाठमोरंच घ्यायचं होतं, म्हणाले, तू वाक.”

नऊ दिवस आपण कोणापुढे वहाणा काढल्या, हे गोजरबाईंच्या ध्यानात आले. त्यांनी लसणाची पाकळी परडीत ठेवली. “आसू दे. आई तर खरी हुती?”

“पाय दुसऱ्या बाईचे होते.”

“निघाला की गं अक्का!” झुंबरबाई टाळी वाजवून म्हणाल्या. “मुखवट्यात दुसरा मानूस निघाला. एक न्हाई, चार निघालं!”

लागलीच पळवाटा पुढे आल्या. दगडाबाई म्हणाल्या, शब्द दुसऱ्या भागाचा होता. ग्रामसेवक म्हणाले, नव्याने नोटीस लावू.  आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते दुःख असावे, असे गोजरबाईंनी धरले. त्यांनी सर्वांना हाताने गप्प केले.

“भागाचं मी बोलले नव्हते. मुखवट्यात दुसरा निघाला तर, आसं बोलले हुते. निघाला. आखाडीला श्रीमंतला पाठव, झुंबरे. आंघोळ करून.”

आखाडीच्या शेवटच्या दिवशी गोजरबाईंनी स्वतः पेटी उघडली, मुखवट्याला शेंदूर लावला आणि तो श्रीमंतच्या हाती दिला. शेंदराचा कणही खाली सांडला नाही. पाहणाऱ्यांनी ते मुद्दाम पाहिले होते. मग त्या चौकात जाऊन आपल्या जागी, सर्वांपुढे, पाठ ताठ ठेवून बसल्या. घराचा मान आपल्या जिभेने घालवला आणि आता एकुलता एक मुलगा भरगावासमोर राक्षस होऊन आडवा पडणार, हे पाहण्याची शिक्षा त्यांनी स्वतःला फर्मावली होती.

तिन्हीसांज झाली, संबळ वाजू लागला, आणि हिरण्यकशिपू आला.

हिरण्यकशिपूला मुखवटा नसतो. तोंडाला लाल रंग, कपाळी काळे पट्टे, आणि ओठांवर दोन बोटे जाड मिशा. आप्पासाहेब चौकाच्या मधोमध थांबले. त्यांनी गावाकडे पाहिले, आणि असे ओरडले, की संबळवाल्याचा ताल चुकला.

“कुठं आहे तुझा देव?”

बावीस वर्षे लाकडाआडच्या अंधारात, दोन भोकांतून, आपलाच श्वास गिळत काढलेला माणूस होता तो. वीस वर्षे साहेबांच्या टेबलापुढे ‘जी’ म्हणणारा. त्याने खांबाला लाथ घातली तेव्हा पोरे आयांच्या पदरात शिरली. तो हसला तेव्हा कारखान्याचे हेडक्लार्क उठून मागच्या रांगेत जाऊन बसले. नरसिंह खांबातून निघाला, त्याने हिरण्यकशिपूला मांडीवर घेतले. पण गावाची नजर मांडीवरच्या तोंडावरून हलेना. आप्पासाहेबांनी प्रथम आश्चर्याने पाहिले, मग संतापाने, मग मुठी सुटल्या, आणि डोळे आभाळाकडे लागले ते असे, की दगडाबाईंनी पदराने नाक पुसले. राक्षसासाठी कोणी रडल्याचे त्या गावात प्रथमच घडत होते.

गोजरबाई पाहतच राहिल्या. कपाळावर ती आठी यजमानांची होती. ओठ मुडपण्याची ती तऱ्हा लहानपणी दूध नको म्हणताना असे. बावीस वर्षे त्या याच जागी बसून शेंदराला आणि लाकडाला नारळ फोडत आल्या होत्या. आत काय चालले आहे, हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. कोणीच पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोरक्ष धावत आला. “अक्का, पेठेत बोलत्यात, पुढच्या सालीबी आप्पासाहेबच हिरण्यकशिपू. कोन म्हनतं, राहुरीचं नाटकाचं मंडळ त्यान्ला मागाया येनार हाय.”

“पेठेला कामं न्हाईत,” गोजरबाई कडाडल्या. “आमच्या घरचा मान नरसिंहाचा!”

ते शब्द हवेत असतानाच झुंबरबाई रस्ता ओलांडून आल्या. त्यांच्या हातांत पाट, पाटावर मुखवटा, शेजारी नारळ. डोळे सुजलेले.

“अक्का, तुझं तुला घे. आमचं आमाला दे.”

“का गं? मांडीवर घेनारा चांगला दुप्पट हुता की.”

“चेष्टा नको करू. माझं पोर दिसलंच न्हाई गं त्यात. मी आपली बघतीया, बघतीया, नुसतं लाकूड. लोक म्हनालं, नरसिंह बरा झाला. श्रीमंत बरा झाला आसं एकानं बी म्हनलं न्हाई. तू औंदापुरताच शब्द दिल्ता. झालं आता. घे.”

ओट्याभोवती माणसे जमली होती. दोन महिने जिच्यासाठी गावाने कागद, तारा आणि अंगठे खर्च केले, ती वस्तू पाटावर बसून आपणहून घरी आली होती. गोजरबाईंनी मुखवट्याकडे पाहिले. मग माजघराच्या दाराकडे पाहिले. तेथे आप्पासाहेब उभे होते, कानामागे लाल रंग राहून गेलेला, गुडघ्यांना हात न लावता, ताठ.  आता त्यांचे तोंड आईला दिसत होते.

“झुंबरे,” त्या म्हणाल्या, “औंदापुरतं मी म्हनले आसंल. पन मान सालासालाला फिरवायला त्यो काय सिनेमा हाय? या घरानं दिलेलं परत घेतल्याचं ऐकलंस कदी? नरसिंह तुझ्या घरी बसला, आता बसला. दुपारी पेटीबी पाठवून देते.”

झुंबरबाई पाट घेऊन परत गेल्या. माणसे पांगली. केवढा हा मोठेपणा, अशी कुजबूज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिली, आणि गोजरबाईंनी ती पूर्ण थांबेपर्यंत मान वळवली नाही.

मग त्या मुलाकडे वळल्या.

“आप्पा, आजपासून वरच्या ओठाला वस्तरा लावायचा न्हाई. त्या चिकटवलेल्या मिशा एका बाजूनं सुटत हुत्या. आन पुढच्या साली पडायची एवढी घाई करू नको. मागच्या रांगेतल्या बायांना काय सुदिक दिसलं न्हाई.”